दाणा फुटतो कसा?

मनुष्य शेती करू लागला त्याच्याही आधीपासून तो दाणे फोडीत आला आहे. पाटा-वरवंटा आणि उखळ-मुसळ ही त्याच्या अगदी पहिल्या साधनांपैकी होत. पुढे धातूंच्या खाणी खोल जाऊ लागल्या तेव्हा तेच मुसळ पाणचक्कीच्या आसाला जोडून खनिज कांडण्यात येऊ लागले. १५५६ साली प्रसिद्ध झालेल्या आग्रिकोलाच्या खाणविषयक ग्रंथात अशा कांडपयंत्रांची सुरेख चित्रे पाहावयास मिळतात. परंतु इतक्या दीर्घ परिचयानंतरही, दाबाखाली ठिसूळ दाणा नेमका कसा फुटतो आणि एकत्र दाबल्या गेलेल्या लक्षावधी दाण्यांपैकी अमुकच का फुटतो, हा प्रश्न शास्त्राने गंभीरपणे हाती घेतला त्यास अजून दोनशे वर्षेही लोटलेली नाहीत. आकाशातील ग्रहांच्या गतीचे गणित त्याच्या पुष्कळ आधी सुटले होते. पायाखालची वाळू मात्र राहून गेली.

प्रश्नाचा आरंभ झाला तो शुद्ध व्यवहारातून. ऑस्ट्रियातील खाणतज्ज्ञ पीटर फॉन रिटिंगर यांनी १८६७ साली खनिजशुद्धीवर एक पाठ्यग्रंथ प्रसिद्ध केला. खनिज दळावयास किती ऊर्जा लागते हे त्यांना ठरवावयाचे होते. कारण ऊर्जा म्हणजे कोळसा किंवा पाणी, आणि अखेरीस पैसा. त्यांचे म्हणणे असे की, दाणा फुटला म्हणजे नवा पृष्ठभाग उघडा पडतो, आणि जेवढा पृष्ठभाग नव्याने निर्माण होईल तेवढ्याच प्रमाणात ऊर्जा खर्च होते. एक सेंटीमीटर बाजूचा दगडी घन घेतला तर त्याचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटीमीटर भरतो. त्याचे एक मिलिमीटरचे घन केले की तोच एकूण पृष्ठभाग ६० होतो, आणि त्यांचेही दहावा हिस्सा मिलिमीटरचे घन केले तर ६००. म्हणजे भरड काढण्यास जी ऊर्जा लागली तिच्या दसपट पीठ करण्यास लागावयास हवी.

प्राग येथील प्राध्यापक फ्रीडरिख किक यांना हे मान्य नव्हते. १८८५ साली त्यांनी असे प्रतिपादन केले की, खर्च पृष्ठभागावर नव्हे तर आकारमानावर अवलंबून असतो. दाण्याचा आकार मोठा असो वा लहान, तितक्याच वजनाचा माल निम्म्या आकाराचा करावयास प्रत्येक वेळी तेवढीच ऊर्जा पुरते. हा वाद पुढे साठ-सत्तर वर्षे चालू राहिला. दोन्ही पक्ष आपापल्या गिरण्यांचे आकडे पुढे करीत, आणि गंमत अशी की दोघांचेही आकडे खरे असत. मोठ्या दगडांपुरते किक यांचे म्हणणे जुळे, बारीक पिठापुरते रिटिंगर यांचे. १९५२ साली अमेरिकेतील फ्रेड बाँड यांनी दोहोंच्या मधला एक नियम सुचविला आणि तो दळणयंत्रे बांधणाऱ्यांनी लगेच उचलला. तो उपयोगी आहे, आजही वापरला जातो. पण त्याला तडजोड म्हणणेच अधिक योग्य. या तिन्ही नियमांनी दळणाचे बिल किती येईल ते सांगितले, जात्याच्या दोन तळ्यांमध्ये काय घडते ते सांगितले नाही. वास्तविक, गोळ्यांच्या फिरत्या गिरणीत घातलेल्या ऊर्जेचा जेमतेम शंभरावा हिस्सा नवा पृष्ठभाग निर्माण करण्याकडे जातो. उरलेली उष्णतेत आणि आवाजात जाते. सिमेंट, कोळसा आणि धातुपाषाण दळण्यात जगातील विजेचा काही टक्के भाग खर्च होतो हे लक्षात घेतले म्हणजे ही उधळपट्टी केवढी, याची कल्पना येईल.

दाण्याच्या आत डोकावण्याची वाट एका वेगळ्याच क्षेत्रातून सापडली. इंग्लंडात फार्नबरो येथील सरकारी विमानसंस्थेत काम करणारे ए. ए. ग्रिफिथ यांनी काचेचे तंतू ओढून तोडण्याचे प्रयोग केले आणि त्यांचा निबंध १९२१ साली प्रसिद्ध झाला. काचेचा तंतू जितका बारीक, तितका तो तुलनेने बळकट, असे त्यांना आढळले. अत्यंत बारीक तंतूचे बळ साध्या काचकांडीच्या सुमारे वीस पट भरले. काच तीच, मग बळ निराळे का? ग्रिफिथ यांचे उत्तर असे की, ठिसूळ पदार्थ आपल्या द्रव्याच्या बळावर तुटत नाही, तो आपल्या भेगेच्या दुबळेपणावर तुटतो. डोळ्यांना न दिसणारी चीर त्यात आधीपासून असते. ताण पडला की चिरेच्या टोकाशी तो कित्येक पट वाढतो आणि तेथून तडा धावत सुटतो. बारीक तंतूत मोठी चीर मावण्यास जागाच नसते, म्हणून तो बळकट. स्वीडनचे वालोदी वायबुल यांनी १९३९ साली याच कल्पनेला संभाव्यतेच्या गणिताची जोड दिली. साखळी तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकीच मजबूत. मोठ्या दाण्यात कड्या जास्त, म्हणून त्यात एखादी कच्ची कडी असण्याचा संभवही जास्त. तेव्हा ‘या वाळूच्या दाण्याचे बळ किती?’ हा प्रश्नच अपुरा ठरला. निदान ३० दाणे एकेक करून फोडावेत आणि किती बळाखाली शंभरातले किती शाबूत राहतात ते सांगावे, एवढेच शास्त्र प्रामाणिकपणे करू शकते.

तथापि येथे एक अडचण उभी राहते. ग्रिफिथ यांची चीर ताणाने उघडते. दाणा तर दाबला जातो, ओढला जात नाही. मग दाबाने तो फुटावा का?

या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर एका चर्चच्या निमित्ताने मिळाले. ब्राझीलच्या रिओ दे जानेरो शहरात एक विस्तीर्ण राजमार्ग काढण्याचे काम दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चालू होते. मार्गात अठराव्या शतकातले सेंट पीटरचे एक सुंदर चर्च आडवे येत होते. ते पाडण्याऐवजी अखंडच्या अखंड उचलून रुळांवरून बाजूस सरकवावे अशी योजना निघाली, आणि हे रूळ काँक्रीटचे करावेत असे ठरले. तेथील राष्ट्रीय तंत्रसंस्थेतील तरुण इंजिनियर लोबो कार्नेइरो यांच्याकडे या रुळांची परीक्षा आली. त्यांनी रूळ आडवा ठेवून वरून दाब दिला. रूळ चिरडला गेला नाही. वरच्या स्पर्शरेषेपासून खालच्या स्पर्शरेषेपर्यंत सरळ उभा तडा जाऊन त्याची दोन शकले झाली. दोन विरुद्ध बाजूंनी दाबलेल्या गोल वस्तूच्या पोटात आडवा ताण उत्पन्न होतो आणि ती त्या ताणाने फाटते, हे गणितात पूर्वीही दिसत होते. पण त्यावरून काँक्रीटचे ताणबळ मोजता येईल हे कार्नेइरो यांच्या ध्यानात आले आणि १९४३ साली त्यांनी ते जाहीर केले. त्याच वर्षी जपानमध्ये आकाझावा यांनी स्वतंत्रपणे हीच पद्धत मांडली; युद्धामुळे एकाची वार्ता दुसऱ्यास असण्याचा संभव नव्हता. ही कसोटी आज जगभर ‘ब्राझीलची कसोटी’ या नावाने चालते. चर्च मात्र वाचले नाही. ते सरकविण्याचा बेत रद्द झाला आणि ते पाडून टाकण्यात आले.

वाळूचा दाणा किंवा खडीचा तुकडा हा असाच लहानसा रूळ होय. दोन बिंदूंवर दाबला की तो पोटातून फाटतो. एक अक्रोड मुठीत कितीही आवळला तरी फुटत नाही, कारण तळव्याचा दाब त्यावर सर्व बाजूंनी पसरतो. दोन अक्रोड एकमेकांवर दाबले की त्यातला एक फुटतो, कारण तेथे बिंदूवर बिंदू येतो. दाण्यांच्या राशीत कोणाच्या वाट्यास मूठ येते आणि कोणाच्या वाट्यास दुसरा अक्रोड, हेच सारे रहस्य आहे. १९५७ साली फ्रान्समधील दांतू यांनी काचेच्या कांड्यांची रास रचून, ती दाबून, तीमधून ध्रुवित प्रकाश सोडला. दाबलेली काच अशा प्रकाशात उजळते. दिसले ते असे की, सगळी रास सारखी उजळली नाही. वरून खाली वेड्यावाकड्या उजळ रेघा उमटल्या आणि त्यांच्या मधले कित्येक दाणे अंधारातच राहिले. वरचा भार काही थोड्या दाण्यांच्या साखळ्यांनी पेलला होता, बाकीचे जवळजवळ मोकळे होते. सरासरी दाबाचा हिशेब करून बांधकाम करणाऱ्यांस हे चित्र अस्वस्थ करणारे होते. सरासरी कितीही कमी असो, साखळीतल्या दाण्याचे भवितव्य सरासरी ठरवीत नाही.

त्या सुमारास धरणेही उंच होऊ लागली होती. मेक्सिकोमध्ये बाल्सास नदीवर एल इन्फिएर्नियो हे १४८ मीटर उंचीचे दगडभरावाचे धरण साठीच्या दशकात उभे राहिले. एवढ्या भाराखाली तळचे धोंडे कसे वागतील, हे बशीत मावणाऱ्या नमुन्यावरून सांगता येईना. म्हणून राऊल मार्साल यांनी दगडांसाठीच एक प्रचंड दाबयंत्र उभारले. त्यातला नमुना ११३ सेंटीमीटर व्यासाचा आणि अडीच मीटर उंचीचा असे. प्रयोगानंतर दगड पुन्हा चाळले तेव्हा त्यातले पुष्कळ फुटलेले निघाले, आणि दाब जितका जास्त तितके त्या राशीचे घर्षणबळ तुलनेने कमी होत असल्याचेही दिसले. दगड फुटून खाली बसतात, धरण वर्षानुवर्षे थोडेथोडे खचते. ओल लागली तर अधिकच, कारण पाणी चिरेच्या टोकाशी जाऊन काम करते. मार्साल यांच्या १९६७ सालच्या निबंधानंतर दगडभरावाचे धरण आखताना दगडाच्या फुटण्याचा विचार टाळणे कोणास शक्य राहिले नाही.

समुद्राने दिलेला धडा याहून कठोर होता. ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यापासून दूर, १२५ मीटर खोल पाण्यात, नॉर्थ रँकिन येथे वायू काढण्यासाठी पोलादी मंच उभारण्यात येत होता. १९८२ साली त्याच्या पायाचे पोलादी खांब समुद्रतळात ठोकण्यास आरंभ झाला. वास्तविक अशा खांबास प्रत्येक घणाबरोबर माती अधिकाधिक घट्ट धरते. येथे खांब आपल्याच वजनाने सुमारे ६० मीटर खाली घसरत गेले. तळची वाळू स्फटिकाची नव्हती. ती सूक्ष्म जीवांच्या कवचांची व शंखशिंपल्यांच्या चुऱ्याची, म्हणजे चुनखडीची, होती. असे कवच आतून पोकळ असते आणि स्फटिकाच्या वाळूस जो दाब जाणवतही नाही त्याखाली ते फुटते. खांब आत शिरताना भोवतीच्या दाण्यांचा चुरा झाला, चुऱ्याने जागा कमी व्यापली आणि खांबाला बाजूने आवळणारा दाबच नाहीसा झाला. पाया दुरुस्त करण्यास अपार खर्च आला. वायू १९८४ साली निघू लागला. पण त्या वाळूच्या अभ्यासासाठी पुढे कित्येक वर्षे प्रयोगशाळा राबत राहिल्या.

या बाबतीत मुंबईकरांस जवळची वाटावी अशी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटर अंतरावर १९७४ साली ‘सागर सम्राट’ने तेल शोधून काढले आणि १९७६ पासून ते निघू लागले. त्या सागरी प्रदेशाच्या तळाशीही चुनखडीची वाळू आढळते. दिल्लीच्या तंत्रविज्ञान संस्थेतील दत्ता, गुल्हाटी आणि राव यांनी पश्चिम किनाऱ्यानजीकच्या अशा वाळूवर दाबाचे व कातरबळाचे प्रयोग केले आणि तिचे दाणे कितपत चुरडतात याचा निबंध १९७९ साली अमेरिकेतील सागरी तंत्रज्ञानाच्या परिषदेत सादर केला. नॉर्थ रँकिनचे खांब घसरले ते त्यानंतर तीन वर्षांनी.

प्रयोगशाळेतील दाबयंत्राची एक मर्यादा मात्र उघड आहे. नमुना आत जातो, चुरा बाहेर येतो, मधले काही दिसत नाही. ते दाखविण्याचे काम संगणकाने केले. पीटर कंडल यांनी १९७१ साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजात फुटक्या खडकांच्या तुकड्यांसाठी एक गणनपद्धती मांडली, आणि पुढे अमेरिकेत ओटो स्ट्रॅक यांच्यासमवेत १९७९ साली ती गोल दाण्यांच्या राशीस लावली. तिची कल्पना शाळकरी मुलासही समजावी इतकी सोपी आहे. प्रत्येक दाणा वेगळा मानावयाचा. कोण कोणास टेकला आहे ते पाहावयाचे. दोन दाणे जितके एकमेकांत रुततात तितके ते परस्परांस दूर ढकलतात असे धरावयाचे. मग न्यूटनच्या नियमाने प्रत्येक दाणा एका अतिसूक्ष्म क्षणात किती सरकेल ते काढावयाचे, आणि हेच पुन्हा पुन्हा करावयाचे, लक्षावधी वेळा. या पद्धतीने काढलेली बळांची चित्रे डच संशोधकांनी प्रकाशाच्या साह्याने मिळविलेल्या चित्रांशी ताडून पाहिली, तेव्हा त्याच उजळ साखळ्या गणितातूनही उमटल्या.

पण कंडल यांचे दाणे अभेद्य होते. त्यांना फोडावे कसे, यासाठी दोन वाटा निघाल्या. एका वाटेने जाणाऱ्यांनी असे ठरविले की, दाण्यातले बळ ठराविक मर्यादेपलीकडे गेले की तो दाणा उचलून टाकावा आणि त्याच्या जागी लहान दाणे ठेवावेत. हे झटपट होते. परंतु गोल जागेत लहान गोल कधीच पुरते भरत नाहीत. एक तर थोडे द्रव्य नाहीसे झाले असे मानावे लागते, नाही तर लहान दाणे एकमेकांत घुसवावे लागतात व ते स्फोटासारखे बाहेर उसळतात. दुसऱ्या वाटेने जाणाऱ्यांनी दाणाच मुळी अनेक बारीक गोळ्या चिकटवून तयार केला, एखाद्या राजगिऱ्याच्या लाडवासारखा. पाक तुटला की लाडू फुटतो. मात्र सर्व लाडू सारखेच वळले तर सारे एकाच बळाखाली फुटतात, आणि खरी वाळू तशी वागत नाही. यावर नॉटिंगहॅमचे ग्लेन मॅक्डॉवेल व त्यांचे सहकारी हारिरेश यांनी २००२ साली जो उपाय केला तो मोठा मार्मिक आहे. प्रत्येक लाडवातून त्यांनी काही गोळ्या वाटेल तशा काढून टाकल्या. ग्रिफिथ यांची चीर अशा रीतीने संगणकात शिरली, आणि फुटण्याच्या आकड्यांत वायबुल यांचा नियम दिसू लागला.

आता राहिला तो मूळचा प्रश्न, राशीतला कोणता दाणा फुटतो? मोठा दाणा कच्चा, हे वायबुल यांचे म्हणणे खरे धरले तर दाबाखाली आधी सगळे मोठे दाणे संपले पाहिजेत. खिचडीसाठी खलबत्त्यात भाजलेले शेंगदाणे कुटणाऱ्या कोणत्याही गृहिणीस असे होत नाही हे ठाऊक असते. कूट भरपूर झाल्यावरही त्यात काही दाणे अख्खे राहतात, आणि बत्ता मारीत राहिले तरी कूटच अधिक बारीक होते. त्या अख्ख्या दाण्याभोवती कुटाची गादी झालेली असते. त्यास सर्व बाजूंनी आधार मिळतो, पोटात ताण उत्पन्न होत नाही. उलट बारीक कणास शेजारी थोडे, म्हणून तो दोन बिंदूंत सापडतो. दक्षिण कॅलिफोर्नियातील एका भूभ्रंशाच्या फटीत खडकांच्या घर्षणाने झालेला चुरा तपासून सॅमिस, किंग व बीगेल यांनी १९८७ साली नेमके हेच अनुमान काढले. आपल्याच आकाराचा शेजारी भेटला तर दाणा फुटतो. लहानांच्या घोळक्यात तो सुरक्षित असतो. त्या चुऱ्यात कणाचा आकार निम्मा धरला की कणांची संख्या सुमारे सहापट भरत असे, आणि हे प्रमाण मोठ्या खड्यापासून धुळीपर्यंत टिकून होते. मॅक्डॉवेल व केंब्रिजचे माल्कम बोल्टन यांनी १९९६ ते १९९८ या काळात हाच विचार दाबलेल्या वाळूस लावून दाखविला. वाळूचा थर दाबाखाली कसा बसत जातो याचा जो वक्र इंजिनियर अनुभवाने काढीत होते, त्याचे कारण प्रथमच दाण्याच्या पातळीवर सांगता आले.

संगणकातली ही वाळू खरी वाळू आहे काय, हे तपासण्याचे साधनही आता लाभले आहे. रुग्णालयात शरीराचे जसे क्ष-किरणांनी थरावर थर छायाचित्र घेतात, तसेच दाबाखालच्या वाळूचे घेता येते. दाणा फुटण्यापूर्वीचा व नंतरचा, शेजाऱ्यांसह, ओळखता येतो. आणि खलबत्त्यातला अनुभव तेथेही प्रत्ययास येतो.

गणनाची भूक मात्र भागत नाही. अर्ध्या मिलिमीटरची वाळू घेतली तर एका घन सेंटीमीटरमध्ये, म्हणजे अंगुस्तानाच्या टोपणात मावेल एवढ्या जागेत, तिचे नऊ हजारांच्या आसपास दाणे असतात. प्रत्येक दाणा पन्नास गोळ्यांचा धरला तर गोळ्यांची संख्या साडेचार लाखांवर जाते, आणि त्या गोळ्याही फुटावयास हव्या असतील तर पुन्हा पन्नासपट. शिवाय सर्वांत बारीक गोळीशी येऊन फुटणे थांबवावेच लागते. खरी वाळू तेथे थांबत नाही. म्हणून संगणकात दाबलेल्या राशीजवळ आजही खऱ्या वाळूचे नळकांडे दाबयंत्राखाली ठेवावे लागते. भार वाढत गेला की प्रथम काहीच होत नाही. मग एक बारीकसा टक् असा आवाज येतो, थोड्या वेळाने दुसरा. आणि काटा पुढे सरकला की पोलादाच्या आतून कडकड ऐकू येऊ लागते.